ठमाबाईचा हात

जंक्शन गावच्या थांब्यावर बारामतीच्या एसटीची वाट बघत दत्तोबा स्वतःशी पुटपुटत होते, "खोटं हाय. खोटं हाय. खोटं हाय."

शेजारी उभ्या असलेल्या नकोशीला हसू आलं. "दाजी, किती येळा घोकताय? ऐकणाऱ्याला वाटंल, एसटी येतीय ती बी खोटीच."

"इसरलो म्हंजे?"

"दोन शबुद तर हायेत!"

दोनच शब्द होते, पण स्वरूपा वकीलबाईंनी ते आठवडाभर सगळ्यांकडून घोकून घेतले होते. सरकारी साक्षीदार संपले होते आणि आज आरोपींचे जबाब होते. न्यायाधीश एकेकाला उभं करून विचारणार, अमका साक्षीदार तुमच्याविरुद्ध असं सांगतो, तुमचं म्हणणं काय? आरोपीनं म्हणायचं, खोटं आहे. मारामारीतला आरोपी असो की बांधाच्या भांडणातला, उत्तर सगळ्यांचं हेच. वकील तेच शिकवतात आणि लिहून घेणाऱ्याच्या बोटांनाही त्याची सवय झालेली असते.

या खटल्यात आरोपी सात होते. निरवांगीच्या सहा बायका आणि सातवे दत्तोबा. एक नंबरची आरोपी ठमाबाई, म्हणजे दत्तोबांची बायको. ती माघ महिन्यात गेली. सकाळी धार काढून गोठ्यातून आली, छातीत दुखतंय म्हणाली, आणि गाडी दारात येईपर्यंतही राहिली नाही. पुढच्या तारखेला दत्तोबांनी मृत्यूचा दाखला दिला. कारकुनानं तिच्या नावापुढं लाल शाईनं 'मयत' लिहिलं.

"त्यांच्यापुरता खटला संपला, आबा," वकीलबाई म्हणाल्या होत्या.

ते वाक्य दत्तोबांच्या गळी उतरलं नव्हतं. बायको गेली ती गेली. पण तिच्यावर घातलेला गुन्हा कुठं गेला? तिनं चूक केली का नाही, हे कुणी सांगितलंच नाही. दीड वर्ष ती प्रत्येक तारखेला गेली ते तेवढं ऐकायलाच.

तिनं काय केलं होतं, ते सांगायला फार वेळ लागत नाही.

शेजारच्या मोठ्या गावातल्या बँकेत अंगठ्याचं यंत्र आलं. अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की माणूस खरा. नकोशीचा अंगठा ठेवला की लाल दिवा लागायचा. ठमाबाईचाही लालच. जन्मभर खुरपणी केली, ऊस बांधला, राखेनं भांडी घासली, त्या बोटांवर रेघा कुठल्या उरणार? नकोशीचा निराधार योजनेचा पगार पाच महिने तिथं पडून होता. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण वरून आलंय, मी काय करू, याच्यापुढं त्याचं बोलणं जात नव्हतं. ठमाबाईनं तीनदा अर्ज दिला आणि तिन्ही वेळा पोच मागितली. एकदाही मिळाली नाही.

मग एक दिवस काचेच्या दारावर कागद लागला. ठमाबाई सातवी शिकलेली. तिनं तो बाकीच्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवला. 'ज्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांनी रांगेत उभे राहू नये.'

घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दत्तोबांना तेव्हाच काळजी वाटली होती. ती भांडायची तेव्हा काही होत नसे. ती गप्प झाली की काहीतरी व्हायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं बायकांना अंगणात बसवलं. इकडं नवी नवरी आली किंवा नवं घर बांधलं की दाराशेजारी हळदीचे हात उमटवतात. या दारात आपलं माणूस आहे, एवढाच त्याचा अर्थ.

"आपुन बँकेच्या दाराला हळदीचा हात लावायचा," ठमाबाई म्हणाली. "त्यांच्या यंत्राला आपलं ठसं दिसत न्हाईत. माणसांना दिसत्यात का बगू. पर नीट ऐका. घोषणा न्हाय. कुणाची वाट आडवायची न्हाय. कुणाला शिवी न्हाय."

"शिवी बी न्हाय?" नकोशी म्हणाली. "मंग आक्का, माझं तितं काम काय?"

बायका हसल्या. ठमाबाईही हसली, पण तिनं बोट उगारलं. "तुज्या तोंडाला येक दिस सुट्टी."

दत्तोबा बाजूला पान लावत होते. ठमाबाई त्यांच्याकडं वळली. "तुमी हळदीचा तांब्या धरा. आमचं हात मोकळं पायजेत."

"मी आपला लांब उभा राहीन."

"लांब उभं राहून तांब्या कसा धरणार?"

म्हणून दत्तोबा गेले. धाडस वगैरे काही नव्हतं, हे त्यांनी पुढं कधी लपवलं नाही. बायकोनं तांब्या हातात दिला आणि ते तिच्या मागं चालत गेले.

गौरी जेवून गेल्याला आठ दिवस झाले होते. शुक्रवार होता. सहा बायकांनी एकामागून एक तांब्यात हात बुडवला आणि दाराच्या काचेवर ठेवला. सगळ्यांत आधी ठमाबाईनं. तिची उजव्या हाताची करंगळी कोयत्यानं कापल्यापासून वाकडी होती, सरळ होत नसे. म्हणून तिच्या हाताची चार बोटं उमटली आणि करंगळीच्या जागी नुसता एक ठिपका. मॅनेजर बाहेर आला. ठमाबाईनं पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "सायेब, यंत्राला दिसत न्हाय. तुमाला दिसतंय का तेवडं बगा."

मग त्या पायरीच्या कडेला ओळीनं बसल्या. लोक आत जात होते, बाहेर येत होते. एका मास्तरांनी तर आपली छत्री ठमाबाईकडं सांभाळायला दिली आणि आत जाऊन आपलं काम करून आले.

तासाभरात पोलीस आले.

कागदावर सगळं वेगळंच लिहिलं गेलं. बेकायदा जमाव. कर्मचाऱ्यांना धक्काबुक्की. जिवे मारण्याची धमकी. सरकारी कामात अडथळा. पंचनाम्यात 'पिवळसर रंगाचे रासायनिक द्रव्य' होतं आणि जप्तीत 'तांब्या, एक नग'. आधी इंदापूरच्या कोर्टात उभं केलं. कलम पाच वर्षांच्या शिक्षेचं, म्हणून खटला बारामतीच्या सेशन कोर्टात गेला. जामीन होईपर्यंत बायका चार दिवस तुरुंगात राहिल्या, दत्तोबा पुरुषांकडच्या कोठडीत. साठीची नकोशी आणि पासष्टीची ठमाबाई, हळद लावली म्हणून.

सुटून आल्यावर ठमाबाई चुलीपुढं बसली आणि हसत सुटली. दत्तोबा घाबरले. "काय झालं गं?"

"आवो, तुरुंगात बी अंगठा घेत्यात. शाई लावली, दाबला, झालं. तितं लगीच घेतला बगा!"

पुढं गावच्या विकास सोसायटीतला गेणू निरोप घेऊन आला. मॅनेजरची बदली झालीय, बँकेला पण कटकट नकोय, सगळ्यांनी मिळून माफीचा कागद द्यावा, मग वरचे लोक बघतील. गेणू मनानं बरा होता. त्यानं कागद लिहूनच आणला होता, खाली सहीपुरती जागा सोडून.

ठमाबाईनं कागद वाचला, परत दिला. "गेणूभावजी, माफी कशाची मागू? हाताची का हळदीची?"

"वैनी, कोर्टाच्या वाऱ्या किती करशिला?"

"जितक्या तारखा देतील तितक्या."

आणि तिनं केल्या. प्रत्येक तारखेला सात जणांच्या भाकरी तिच्याच पिशवीत असायच्या. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून त्या खायच्या, नाव पुकारलं की उठायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. एकदा तिथंच वकीलबाई तिला म्हणाल्या, "मावशी, आपलं म्हणणं शांतपणे मांडायचा हक्क घटनेनंच दिलाय. कोर्टात मी तेच मांडणार आहे."

"पर मी कुटं काय मांडलं, बाई? मी तर बोलले बी न्हाय. नुसता हात लावला."

"तेच तुमचं बोलणं."

ठमाबाईनं जरा विचार केला. मग दत्तोबांना म्हणाली, "ऐकलं का? तुमी म्हणता मी लई बोलती. आता हात बी बोलायला लागला."

एसटी आली. बसायला जागा मिळाली. दत्तोबांच्या शेजारची जागा नकोशीनं आपली पिशवी ठेवून अडवली. ठमाबाई गेल्यापासून तिच्या जागी कुणी बसू नये म्हणून ती प्रत्येक तारखेला असंच करायची.

कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलबाईंनी शेवटची उजळणी घेतली. त्या काही वयानं मोठ्या नव्हत्या, बारामतीतच वाढलेल्या, पण बोलणं नेमकं.

"पुरावा कच्चा आहे. बँकेच्या कॅमेऱ्यात सगळ्या पाठमोऱ्या दिसतात, डोक्यावर पदर. कुठला हात कुणाचा, हे मॅनेजरला सांगता आलं नाही. आणि काचेवरचे ठसे तपासायला पाठवले होते ना, त्याचा अहवाल तुम्हाला सांगितलाय. रेघा अस्पष्ट, जुळवण्यालायक नाहीत."

"म्हंजे यंत्राला दिसलं न्हाय ते त्यांना बी दिसलं न्हाय," नकोशी म्हणाली.

"नाही दिसलं, आणि ते आपल्या फायद्याचं आहे. म्हणून सगळ्याला एकच उत्तर. कळलं का, आबा?"

"खोटं हाय," दत्तोबा म्हणाले.

"अगदी बरोबर."

आधी बायकांची पाळी झाली. पाचही जणी शिकवल्याप्रमाणं बोलल्या. नकोशी तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच "खोटं हाय!" म्हणत होती. न्यायाधीशांनी तिला दोनदा सांगितलं, आजी, आधी ऐकून घ्या.

मग दत्तोबांचं नाव पुकारलं. ते पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली.

"तुम्ही आणि इतर आरोपींनी मॅनेजरना धक्काबुक्की केली, असं साक्षीदार सांगतो. काय म्हणायचंय?"

"खोटं हाय."

"तुम्ही जिवे मारण्याची धमकी दिली."

"खोटं हाय."

"बँकेचं काम दोन तास बंद पाडलं."

"खोटं हाय."

काही अवघड नव्हतं. ते सगळं खोटंच होतं. दत्तोबांना हलकं वाटायला लागलं. मग न्यायाधीशांनी पान उलटलं.

"निशाणी एकतीस त्यांना दाखवा."

शिपायानं एक फोटो आणून त्यांच्या हातात दिला. कोर्टात पुरावा म्हणून दाखल झालेल्या वस्तूला निशाणी म्हणतात, हे दत्तोबांना दोन वर्षांत कळलं होतं. पण ही निशाणी त्यांनी कधी पाहिली नव्हती. वकिलांकडची प्रत काळीपांढरी, नुसते डाग दिसणारी. ही रंगीत होती आणि मोठी होती. काचेवर पिवळा हात. चार बोटं आणि करंगळीच्या जागी एक ठिपका.

ठमाबाई गेल्यावर त्यांनी तिचं लुगडं नकोशीला दिलं होतं, तिच्या चपला कुणालातरी दिल्या होत्या. घरात तिचा एकच फोटो, आधार कार्डासाठी काढलेला, त्यात ती कुणीतरी दुसरीच वाटायची. आणि इथं, या परक्या खोलीत, तिचा हात होता. तिच्या खऱ्या हाताएवढाच.

"मयत आरोपी क्रमांक एक ठमाबाई हिनं तुम्ही धरलेल्या तांब्यात हात बुडवून तो बँकेच्या दारावर उमटवला, असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं आहे. काय म्हणायचंय?"

दत्तोबांनी तोंड उघडलं. दोनच शब्द होते.

"आबा," वकीलबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

लिहून घेणाऱ्यानं वाट बघितली नव्हती. त्याची बोटं सवयीनं चालून गेली होती, 'खोटे आहे'.

"खरं हाय," दत्तोबा म्हणाले.

बोटं थांबली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "नीट ऐकलंत का प्रश्न?"

"ऐकला, सायेब. ह्यो हात ठमाबाईचा हाय. करंगळी बगा, कोयता लागल्याली. तांब्या माझ्या हातात हुता. बाकीच्यांचं मला इचारू नका, ते त्यांचं त्या सांगतील. ह्यो तेवडा तिचा हाय."

"तुम्ही हे कबूल केलंत तर ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. समजतंय का?"

"समजतंय. वकीलबाईंनी आठवडा झालं तेच शिकवलंय. त्यांची चूक न्हाय." दत्तोबांनी फोटो खाली ठेवला नाही. "सायेब, तिला लपवायचं असतं तर तिनं हात लावलाच नसता. तिला दाखवायचाच हुता. आता तीच न्हाय, आन् मी म्हनू का, ह्यो तिचा न्हाईच? बँकेनं म्हटलं ठसं न्हाईत, तपासणीवाल्यांनी म्हटलं ठसं न्हाईत. मी बी तेच म्हनू? हात लावला हे खरं. गुन्हा केला हे खोटं. मला येवडंच सांगायचंय."

न्यायाधीश लिहून घेणाऱ्याला म्हणाले, "आधीचं खोडा. जसं म्हणाले तसंच घ्या. त्यांच्या शब्दांत."

बाहेर आल्यावर वकीलबाई बराच वेळ फायलीचे कागद लावत राहिल्या. "आबा, सुटायला एक पाऊल राहिलं होतं."

"व्हय. चुकलंच म्हना."

"चुकलं असं म्हणत नाही मी," त्या म्हणाल्या. "पण मला आता सगळा युक्तिवाद नव्यानं लिहावा लागणार."

नकोशी मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती. "आमाला पाची जणींना खोटं बोलायला लावून सोता तेवडं खरं बोलून आलात व्हय! आता देवाच्या दारात आमचं काय?"

"माझ्या ध्यानात न्हवतं गं. तिचा हात बगितला आन्..."

"ऱ्हाऊ द्या," नकोशी म्हणाली. तिचा आवाज बदलला. "आक्का असती तर तिनं बी हेच केलं असतं. फकस्त येवडा उशीर केला नसता."

लिंबाखाली बसून त्यांनी भाकरी खाल्ल्या. ठमाबाई गेल्यापासून त्या नकोशी आणायची. मीठ जास्त पडलं होतं, तरी सगळ्यांनी संपवल्या.

निकाल श्रावणात लागला. मधल्या महिन्याभरात दत्तोबांनी घराची आवराआवर केली, म्हैस पुतण्याकडं दिली, शिक्षा लागली तर काय काय बरोबर न्यायचं ते एका पिशवीत भरून ठेवलं. त्यांना भीती वाटत होती. पण कोर्टात बोललेलं परत घ्यावं, असं एकदाही वाटलं नाही.

सगळे सुटले.

निकाल लांबलचक होता. वकीलबाईंनी तो लिंबाखाली उभं राहून वाचून दाखवला, आणि एका जागी थांबल्या. "हे ऐका, आबा. 'हळदीचा हात उमटवण्याची कृती आरोपी क्रमांक सात यांच्या जबाबावरून मान्य धरावी लागते. तथापि या कृतीने कोणाचीही वाट अडली नाही, कोणास इजा झाली नाही, व काच ओल्या फडक्याने स्वच्छ झाल्याचे फिर्यादी पक्षाच्याच साक्षीदाराने सांगितले आहे. दाद न मिळालेल्या नागरिकांनी आपले म्हणणे शांतपणे मांडण्याची ती एक रीत होती. तो गुन्हा नव्हे.'"

दत्तोबांनी विचारलं, "तिचं बी त्यात आलं?"

"तिचंच तर आलंय. तुम्ही खोटं म्हणाला असता, तर 'शाबीत झालं नाही' एवढंच लिहिलं असतं. सुटला असता तुम्ही. पण मावशींनी केलं ते बरोबर की चूक, हे कुठंच आलं नसतं."

दत्तोबांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्यो फोटो मिळंल का?"

मूळ फोटो कोर्टाच्या कागदात राहणार होता. पण नक्कल मिळते, अर्ज करावा लागतो, असं कळलं. दत्तोबांनी अर्ज केला. नकलेसाठी त्यांना बारामतीला तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला तांब्याही परत मिळाला. त्याच्या गळ्यात सुतळीनं बांधलेला पुठ्ठा होता आणि तळाशी हळदीचं वाळलेलं कडं.

त्या दिवशी नकोशी बँकेत गेली होती. अंगठ्याच्या यंत्राला आता डोळा बघायचं दुसरं यंत्र जोडलं होतं आणि दारावरचा तो कागद निघाला होता. ते खटल्यामुळं झालं की आपोआप, कुणी सांगितलं नाही. पगार घेऊन परत येताना ती दत्तोबांच्या अंगणात टेकली. त्यांनी फोटो पुढं केला. तिनं हात पदराला पुसले आणि मगच तो घेतला.

बराच वेळ ती बघत बसली. मग उलटा केला. मागं निळा शिक्का होता.

"काय लिवलंय ह्ये?"

दत्तोबांनी वाचून दाखवलं, "खरी नक्कल."

"खरी?"

"व्हय. कोर्टाचा शिक्का हाय."

नकोशीनं फोटो पुन्हा सरळ केला आणि बोटानं चाचपत म्हणाली, "करंगळीचा ठिपका बी आलाय बगा."